पांढरीच्या टेकडीवर

मराठी गावाच्या जमिनीला दोन रंग आहेत. काळी ही पिकाची आणि पांढरी ही वस्तीची. जुन्या कागदपत्रांत 'काळीपांढरी' असा जोडशब्द आला की त्यात सगळा गाव आला असे समजावे. वस्तीच्या जमिनीला पांढरी का म्हणावे, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी बहुधा भिंतींच्या चुन्याकडे बोट दाखवतात. उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. माणसे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीतली राख, शेणमाती, पडलेल्या भिंती, कोंडा, हाडे आणि चुना यांचे थर एकमेकांवर बसत जातात आणि मूळच्या काळ्या मातीचा रंग उतरतो. पांढरी हा मातीचा प्रकार नव्हे, तो माणसांच्या राहण्याचा परिणाम आहे. भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. पुरातत्त्वज्ञ तिच्याकडे पुष्कळ उशिरा वळले. नदीकाठी काळ्या रानात मधेच फिकट मातीचा उंचवटा दिसला की तेथे थांबावे, हा त्यांच्या शोधयात्रांतला एक साधा आडाखा होता.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत आणि या लेखातला 'आम्ही' आदरार्थी नसून खराखुरा अनेकवचनी आहे. लग्नाला वीस वर्षे झाली, शिकवण्यालाही जवळपास तेवढीच. जेथे आमचे मत एक आहे तेथे 'आम्ही' म्हणू, जेथे नाही तेथे तसे सांगू. राहतो देवळाली प्रवरा येथे, अहिल्यानगर (२०२४पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यात. गावाच्या नावातच नदी आहे. तिच्या पाण्यावर ऊस आहे, उसावर सगळे राजकारण आहे, आणि हंगामात रस्त्याने जाताना उसाच्या ट्रेलरमागे मुकाट्याने चालण्यावाचून गत्यंतर नसते. असो. सांगायचे ते टेकडीविषयी.

देवळालीहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की डाव्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद लागते. लागते म्हणायचे एवढेच, कारण गाव ओसाड आहे. उरली आहे ती सुमारे २० हेक्टरांवर पसरलेली पांढर. तिच्यावर पाय ठेवण्यापूर्वी आपण टेकडी चढतो आहोत असे वाटतही नाही. सह्याद्रीत हिंडणाऱ्याने हिला टेकडी म्हटले तर तो हसेल. पण सह्याद्री लाव्ह्याने घडवला. हा उंचवटा सुमारे तेराशे वर्षे येथे राहिलेल्या माणसांनी, आपल्या घरांच्या पडझडीतून, नकळत रचला. वस्तीच्या थरांची जाडी सुमारे ५ मीटर भरते. साधारण इसवी सन पूर्व २३०० ते इसवी सन पूर्व १००० एवढा काळ त्यात साठला आहे.

इंग्लंडात कॉट्सवोल्ड नावाच्या चुनखडीच्या डोंगराळ प्रदेशात बेलास नॅप नावाचे नवाश्मयुगीन दफनस्थळ आहे. तेथे गवताळ टेकडी चढून माणसे आवर्जून जातात. पुढून भव्य दिसणारा त्याचा दरवाजा खोटा आहे आणि त्यामागे एकोणिसाव्या शतकात लहान मुलांच्या अस्थी सापडल्या. त्याविषयी वाचताना आमच्या मनात प्रथम आला तो दगडातला फरक. आपल्याकडे चुनखडीचा डोंगर नाही. दख्खनचा कणा काळ्या पाषाणाचा. आपली चुनखडी मातीत असते, नदीकाठच्या गाळात गाठीगाठींनी, आणि नांगराच्या फाळाला कचकन लागते. दायमाबादच्या उत्खननात शेवटच्या काळातली जी घरे उघडी झाली त्यांपैकी एक घर चुना तयार करणाऱ्याचे असावे असे उत्खनकांनी ठरवले. म्हणजे याच गाठी गोळा करून भाजणारा कोणी येथे राहत होता. पांढरीच्या पांढरेपणात त्याचाही वाटा धरायला हवा. दुसरा फरक मात्र दगडाचा नाही. तिकडे मृतांसाठी टेकडी उभारली. विदर्भातही लोहयुगातील लोकांनी मृतांसाठी दगडांची वर्तुळे मांडली. नागपूरजवळच्या जुनापाणीला ती पाहता येतात. दायमाबादला मृतांसाठी वेगळे काही उभारले गेले नाही. येथे मृत जिवंतांच्या घरातच राहिले.

आम्ही गेलो तो डिसेंबरचा रविवार होता. मोटारसायकल बांधाजवळ लावली आणि पायी निघालो. थोड्याच अंतरावर पायाखालचा आवाज बदलला. ढेकळांचा भुसभुशीत आवाज जाऊन खापरांचा आवाज येऊ लागला. येथे खापरे इतकी आहेत की चुकवून चालणे अशक्य. लाल पृष्ठभागावर काळ्या रेघा, जाळीदार चौकटी, कोठे तोटीचा तुकडा. ही जोर्वे पद्धतीची भांडी. जोर्वे हे गाव याच नदीवर वर संगमनेरजवळ आहे. तेथे १९५०-५१मध्ये सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि एका लहानशा खेड्याचे नाव संपूर्ण संस्कृतीला मिळाले. ही भांडी इतकी पक्की भाजलेली असत की त्यांवर टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. आम्ही काही उचलले नाही. वाकून पाहिले आणि पुढे गेलो.

दायमाबादचा शोध १९५८मध्ये बोपर्डीकर यांनी लावला. त्यानंतर तीन वेळा उत्खनन झाले. आधी म. न. देशपांडे, मग १९७४-७५मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी. थरांचा क्रम खालून वर सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असा लागला. पण सामान्य वाचकाला दायमाबाद ठाऊक आहे ते उत्खननामुळे नव्हे. १९७४मध्ये छबू लक्ष्मण भिल या गृहस्थांना सरपणासाठी एका झुडपाचे मूळ खणताना चार धातूशिल्पे मिळाली. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, गेंडा, हत्ती, रेडा. सगळ्यांचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक. त्यांचा काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद झाला, कारण ती थरांतून नव्हे, झुडपाखालून आली, आणि धातूतील आर्सेनिकचे प्रमाण हडप्पा संस्कृतीच्या इतर वस्तूंशी जुळत नाही असे धर्मपाल अग्रवाल यांनी दाखवले. आज ही शिल्पे दिल्ली आणि मुंबईच्या संग्रहालयांत आहेत. मुंबईत काचेपलीकडचा तो गेंडा पाहून एखाद्याला वाटावे की दायमाबाद म्हणजे हेच. आम्हाला तसे वाटत नाही. त्या शिल्पांचा दबदबा मान्य करूनही आमचे म्हणणे असे, की या पांढरीतले सर्वांत बोलके अवशेष मातीचे आहेत, तेही साध्या, घरात धान्य ठेवावे तशा भांड्यांचे.

जोर्वे काळातील घरांची जमीन खणताना खाली कुंभ मिळाले. दोन कुंभ आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून, आणि आत लहान मूल. दायमाबादच्या जोर्वे थरांत अशी ४०हून अधिक कुंभदफने मिळाली. याच नदीवर खाली नेवाशाला आणि घोड नदीवर शिरूर तालुक्यातल्या इनामगावला हीच रीत दिसते. प्रौढांना बहुधा खड्ड्यात उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरले जाई आणि अनेकांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मुलांना मात्र अखंड, कुंभात, घराच्या जमिनीखाली ठेवत. जेथे रोज चूल पेटे, दळण होई, माणसे झोपत.

नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याचा गंज चढल्यामुळे आतला दोराही टिकून राहिला आणि तपासणीत तो रेशमाचा आणि कापसाचा निघाला. महाराष्ट्रातल्या कापडाचा इतिहास लिहिणारे या दोऱ्यापासून सुरुवात करतात, ते योग्यच. पण आमच्यापैकी एकीला वाचताना वेगळाच प्रश्न पडला होता. माळ त्याच्या गळ्यात आधीपासून होती की शेवटी घातली?

प्रौढांची पावले का तोडली, याचे पुरातत्त्वज्ञांनी दिलेले प्रचलित उत्तर असे की मृताने भूत होऊन हिंडू नये. आम्हा साहित्याच्या माणसांना या वाक्यात एक फट दिसते. मृताने परत येऊ नये म्हणून, की मृताने सोडून जाऊ नये म्हणून? दोन्हींसाठी कृती एकच, पण अर्थ एकमेकांच्या नेमके उलट. ज्याला घालवायचे त्याला घरात किंवा घराच्या अंगणात कोण पुरेल? आमच्यापैकी एकाचे मत असे की माणसे दोन्ही गोष्टींना एकाच वेळी घाबरत असतील. दुसरीला हे फार सोयीचे उत्तर वाटते.

मुलांच्या कुंभांविषयी मात्र फारसा वाद नाही. तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ म्हणजे गर्भाशयाचे रूप, असे धवळीकरांसह अनेकांनी सुचवले. आईच्या जवळ असावे म्हणून घरात, असेही म्हटले गेले. अशी रीत एवढ्यापुरतीच नाही. तुर्कस्तानातल्या चाताल हुयुकला नवाश्मयुगीन घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफने आहेत. रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे की दात येण्यापूर्वी गेलेल्या मुलाचे दहन करण्याची रूढी नाही. जगभर तान्ह्या मृत मुलाला इतर मृतांपासून वेगळे काढलेले दिसते. प्रश्न एवढाच, की वेगळे काढून कोणत्या बाजूला ठेवायचे, उंबऱ्याच्या आत की बाहेर.

आपल्या परंपरेने ठरवले, बाहेर. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतील मूल गेले तर आप्तांनी त्याला गावाबाहेर पुरावे, अग्निसंस्कार करू नये, उदक देऊ नये असा नियम आहे. त्याला रानात ओंडक्यासारखे सोडून यावे आणि तीन दिवस पाळावे, असेही तेथे सांगितले आहे. टीकाकार या उपमेचा अर्थ निर्ममता, म्हणजे ममत्व न ठेवणे असा लावतात. नियम करणाऱ्याचा हेतू क्रूर असेल असे आम्ही म्हणत नाही. ज्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी मुले वर्षाच्या आत जात, तेथे प्रत्येकासाठी तेरा दिवस थांबणे घराला परवडले नसते. पण उपमा निवडताना काही निवडले जातेच. ओंडका ही वस्तू आपण मागे वळून पाहत नाही.

आता आमचे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय आम्ही दायमाबादला वरचेवर का जातो हे कळणार नाही.

२०११मध्ये आमचे पहिले मूल नवव्या दिवशी गेले. बारसे बाराव्या दिवशी असते, म्हणून त्याला नाव नव्हते. घरातली वडीलधारी मंडळी आली, दिवस मावळण्याआधी त्याला मूळ गावी नेले आणि रानाच्या कडेला पुरले. जाणाऱ्यांत पुरुष तेवढे होते. आईने यायचे नसते, जागा विचारायची नसते, पुढच्या वेळी त्या बाजूला जायचेही नसते. असे सांगणाऱ्या बायकांनी स्वतःही कधी विचारले नव्हते. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना जे सांगितले गेले होते ते त्या सांगत होत्या. तेव्हापासून आमच्या 'आम्ही'त एक जागा अशी आहे की ती आमच्यापैकी एकाला ठाऊक आहे आणि एकीला नाही. पंधराहून अधिक वर्षे संसार करताना, एकाच विषयाच्या उत्तरपत्रिका एकाच टेबलावर तपासताना, दोघांनीही तो विषय काढला नाही. मुलगी झाली, ती आता सातवीत आहे. तिला भाऊ होता हे तिला माहीत आहे.

या डिसेंबरात, पांढरीच्या माथ्यावर बसलो असताना, प्रश्न विचारला गेला. जागा कोठे, असा तो नव्हता. खड्डा खोल होता का, एवढाच होता. उत्तर मिळाले की कमरेइतका होता, मीठ घातले होते, आणि वर बाभळीचे काटे व मोठे दगड ठेवले होते, जनावराने उकरू नये म्हणून. दगड कोणी ठेवले, असा दुसरा प्रश्न आला. 'मीच,' असे उत्तर मिळाले. मग आम्ही बराच वेळ नदीकडे पाहत बसलो. पाणी कमी होते. पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होते.

हे सांगून झाल्यावर 'तेव्हापासून आजपर्यंत तीच माती, तीच माया' असे एखादे वाक्य लिहून टाकणे सोपे आहे. तसे लेख आपण वाचतो. त्यांत तीन हजार वर्षे एका स्वल्पविरामात ओलांडली जातात. आम्हाला 'सातत्य' या शब्दाची धास्ती वाटते. जोर्वे लोक आमचे पूर्वज होते की नव्हते, ते कोणती भाषा बोलत, आईला काय म्हणत, यातले काहीही आपल्यापाशी नाही. दायमाबादला हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या दोन मुद्रा आणि काही खापरे मिळाली, पण ती लिपी आजही वाचता आलेली नाही, आणि जोर्वे लोकांपूर्वी कित्येक शतके ती येथून गेलेली होती. मुलाला उंबऱ्याच्या आत ठेवणारे ते लोक आणि बाहेर ठेवणारे आम्ही, यांच्यात सातत्यापेक्षा तुटणे अधिक आहे. आम्हाला तेथे ओढून नेते ते हे तुटणेच. मुलाचे काय करावे या प्रश्नाला याच नदीच्या काठी एकदा दुसरे उत्तर दिले गेले होते, आणि ते देणारी माणसे वेडी नव्हती, शेती करत होती, भांडी घडवत होती, चुना भाजत होती.

त्यांच्या मायेचीही कल्पनारम्य चित्रे रंगवू नयेत. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. कुंभांतल्या या हाडांवरून मूल किती वाढले होते, त्याच्या वयाच्या मानाने हाड किती भरले होते, हे काढता येते. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ आधीच्या मुलांपेक्षा खुंटलेली आढळते. इसवी सन पूर्व १०००च्या सुमारास दायमाबाद, नेवासे अशी गावे ओस पडली; इनामगाव आणखी काही काळ तग धरून राहिले. पाऊस हटला, दुष्काळ वाढला आणि शेती मोडली, असे स्पष्टीकरण धवळीकरांनी दिले आणि आम्ही सारे ते शिकलो. शुग यांनी हवामानाचे हे सरळ कारण पुरेसे आहे का, अशी शंका घेतली. वाद अभ्यासकांनी करावा. आम्हाला जाणवले ते इतकेच की या कुंभांत मायेइतकीच उपासमारही आहे. घराच्या जमिनीखाली मुले ठेवणाऱ्या बायकांना वर चुलीवर काय शिजवायचे हा प्रश्न होता.

इनामगावच्या एका कुंभाची येथे आठवण होते. चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट फुगलेला मोठा रांजण. आत बसलेल्या अवस्थेत एक प्रौढ पुरुष, आणि त्याची पावले तोडलेली नव्हती. गावचा प्रमुख असावा असे अनुमान आहे. म्हणजे प्रौढ माणसालाही मुलासारखे कुंभात ठेवण्याचा मान मिळू शकत होता. मान म्हणून माणसाला पुन्हा तान्हे करायचे, ही कल्पना आम्हाला फार थोर वाटते. त्यावर मराठीत कोणी कविता का लिहिली नाही, असा एक चहाटळ प्रश्न आमच्यापैकी एकाने टेकडीवर बसून विचारला. उत्तर मिळाले, की मराठी कवीला ज्ञानेश्वरीपासून मागे जायची सवय नाही.

त्यात तथ्य आहे. प्रवरेच्या काठाने खाली गेले की नेवासे. तेथे १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली, असे आपण शिकवतो. पैसाचा खांब पाहायला विद्यार्थ्यांच्या सहली नेतो. त्याच गावात लाडमोड नावाचा उंचवटा आहे, जेथे १९५४ ते १९५६ या काळात सांकळियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि त्या माळेचे मूल मिळाले. सहलीची बस तेथे थांबत नाही. आपले साहित्याचे अभ्यासक ज्या गावाला मराठी वाङ्मयाचा आरंभ मानतात, ते गाव ज्ञानेश्वरांच्या वेळीच अडीच हजार वर्षांहून जुने होते. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. मोहिनीने देवांना अमृत वाटले ते नेवाशाला, अशी कथा आहे, आणि मोहिनीराजाचे देऊळ तेथे आहे. अमृताच्या नदीकाठी इतकी लहान मुले जमिनीखाली निजली आहेत, हा योगायोग कोणी मुद्दाम रचलेला नाही. कथा नंतर आली, मुले आधी.

दायमाबादचे एक दफन आमच्या डोक्यातून जात नाही. त्याच नावाच्या मधल्या थरात, म्हणजे इसवी सन पूर्व १८०० ते १६००च्या दरम्यान, तीन तऱ्हेची दफने मिळाली. एकात देह खड्ड्यात पुरलेला, दुसऱ्यात दहनानंतरच्या अस्थी कुंभात ठेवलेल्या, आणि तिसरे प्रतीकात्मक. प्रतीकात्मक म्हणजे ज्यात देह नाही. खड्डा आहे, विधी आहे, पण माणूस नाही. अहवालाच्या भाषेत या गोष्टीला एक ओळ पुरते. कोणी परगावी मेला असेल, नदीत वाहून गेला असेल, सापडला नसेल. तरीही घरच्यांनी जागा केली. जागा असावी, एवढे त्यांना पुरेसे वाटले असावे. आमच्यापैकी एकीला हे वाचल्यावर बरे वाटले. एकाला ते बराच काळ कळले नाही.

मागे टेकडीच्या उताराला पाण्याने घळी पाडल्या आहेत. दख्खनभर अशा पांढरींचे हेच होते. पावसाने धुपतात, नदी कडा कापते, आणि लोक खत म्हणून पांढरीची माती गाड्या भरून शेतात नेतात. हे शेवटचे ऐकून शहरी माणूस हळहळतो. आम्ही शेतकऱ्यांच्या घरातले असल्यामुळे तेवढे हळहळत नाही. राख आणि हाडे पिकाला मानवतात हे त्यांना शिकवावे लागले नाही. पांढरी पुन्हा काळीत जाते. पण गेलेला थर वाचता येत नाही, हेही खरे, आणि सांगितल्यावर तेही शेतकऱ्याला कळते.

उतरताना पाटाजवळ एक वयस्कर शेतकरी भेटले. उसाच्या पाचटावर बसून तंबाखू मळत होते.

"पुण्याचे का?" त्यांनी विचारले.

"नाही काका, देवळालीचे."

"मग काय पाहायला आला? मूर्ती? त्या गेल्या कवाच. अजून एखादी हाये म्हणत्यात, पण कोणाला घावली नाय."

मूर्तींसाठी आलो नाही, गाडगी पाहायला आलो, असे आम्ही सांगितले. ते थोडे हसले. गाडग्यांना काय तोटा, म्हणाले. त्यांचे वडील औत धरत होते तेव्हा एकदा फाळ अडकला म्हणून हाताने माती काढली, तर दोन गाडगी निघाली, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आजी धावत आली. आत काय आहे ते तिने पाहू दिले नाही. तिनेच माती लोटली, वर हळदकुंकू वाहिले आणि तेवढा कोपरा पुढे नांगरायचा नाही असे सांगितले.

"तो कोपरा कोणता?" आमच्यापैकी एकीने विचारले.

त्यांनी हात वर केला, पांढरीवरून नदीपर्यंत आणि नदीवरून पुन्हा बांधापर्यंत फिरवला. "वाटण्या झाल्या, मॅडम. बांध सरकले. हितंच कुठंतरी असंल."

तेवढ्यात लाईट आली. विहिरीकडची मोटार चालू करायला ते उठून गेले.